बिझनेस क्लासची खळ

ज्या गावात रात्रंदिवस कापड विणलं जातं, तिथल्या माणसांना काय घालावं हे उपजतच कळत असणार, असा बाहेरच्यांचा एक गोड गैरसमज असतो. भिवंडीत धामणकर नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की तो फिटतो. इथल्या माणसाला कापड कळतं. कपडे ही वेगळी गोष्ट आहे. समोरून येणाऱ्याचा शर्ट कॅम्ब्रिकचा की पॉपलिनचा, त्यात पॉलिएस्टर किती आणि सूत कोणत्या काउंटचं, हे तो चालत्या रिक्षातून सांगेल. स्वतः मात्र लेकीच्या साखरपुड्यालाही बाह्या दुमडलेल्या त्याच चौकड्याच्या शर्टात हजर.

यात त्याचा फारसा दोष नाही. आमचं बहुतेक कापड ‘ग्रे’ अवस्थेतच गाव सोडतं. म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं. रंग, छपाई, फिनिशिंग हे सगळे लाड पुढे बालोतरा, पाली, अहमदाबाद, सुरतेकडे होतात. अंघोळ न करताच घराबाहेर पडायची सवय इथे कापडालाच आहे, तर माणसाने नटूनथटून जायचं कुठे?

अशा या गावावर अलीकडे बिझनेस क्लासचं संकट आलं आहे. ते तीन दिशांनी आलं. काल्हेर, कशेळी, माणकोलीकडच्या जमिनींवर गोदामं उभी राहिली, तेव्हा काही घरांत पैसा आला. लूमवाल्यांची मुलं नवी मशिनं बघायला चीनला जाऊ लागली. आणि तिसरी, सर्वांत मोठी दिशा म्हणजे अमेरिका. तिथल्या मुलांच्या क्रेडिट कार्डांवर पॉइंट साठतात, आईवडिलांचे गुडघे दुखतात आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की धामणकर नाक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर बिझनेस क्लासचं तिकीट येऊन पडतं.

सायझिंगच्या कारखान्यात ताण्याच्या सुताला खळ देतात. खळ नसेल तर सूत लूमवर घासून तुटतं. पण कापड विणून झालं की तीच खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. बिझनेस क्लासचं तिकीट आलेल्या माणसालाही अशीच खळ चढते. मान ताठ होते, चालणं सावकाश होतं, ‘अरे’चं ‘अहो’ होतं, आणि रात्री दोन वाजता तो बायकोला उठवून विचारतो, “माझा कोट कुठे आहे?”

आमचे नाना असेच. नाना म्हणजे कोणी एक माणूस नाही. दर दोन इमारतींमागे एक असतो. निवृत्त, मधुमेह आटोक्यात, गुडघे आटोक्याबाहेर, मुलगा न्यू जर्सीत. मुलाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, सैल काहीतरी घाला. पंधरा-सोळा तासांचं विमान आहे, सीटची खाट होते, झोपायचंय फक्त.”

“सैल म्हणजे?”

“ट्रॅक पँट आणि टी-शर्ट.”

“एवढ्या पैशांत ट्रॅक पँट?” नाना दुखावले. “मग इकॉनॉमीत काय घालतात?”

हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मांडला आणि तो घरगुती राहिला नाही. टेलर म्हणाला, सफारी शिवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत साहेब लोक घालायचे तो. चार खिसे: पासपोर्टाला एक, गोळ्यांना एक, चष्म्याला एक, आणि एक उगाच. सगळे हसले, पण माझ्या मते त्या बैठकीतली ती एकमेव व्यवहार्य सूचना होती. लूमवाले शेठ कोटावर ठाम होते. त्यांचं म्हणणं असं की कोट बघून काउंटरवरची पोरगी माणसाला आणखी वरच्या वर्गात बसवते. ही समजूत जगभर पसरलेली आहे आणि जगभर चुकीची आहे. इकॉनॉमीत जास्त तिकिटं विकली गेली की कोणाला वर ढकलायचं, हे कॉम्प्युटरमधली यादी ठरवते. कोण किती वेळा उडतो, कोणी कोणत्या दराचं तिकीट काढलंय, हे त्या यादीला कळतं. कोट तिला दिसत नाही. अपग्रेडच्या आशेवर मे महिन्यात टाय लावून मुंबईच्या सहार विमानतळावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती टायसकट शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाशेजारी बसतात.

पूर्वी हा घोळ नव्हता, कारण विमानात बसणारे बहुतेक कोटातच जन्मलेले असत. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ते पहिलं परदेशी उड्डाण. आत 35 प्रवासी, आणि त्यांत राजेरजवाडेही होते. त्याआधी दोनच वर्षं, 1946 मध्ये, कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियाचा महाराजा जन्माला घातला होता. पगडी, लांबलचक मिशा, अंगरखा, टोकदार मोजडी. विमानात काय घालावं याचं चित्र तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलं. त्या महाराजाला सोळा तास आडवं पडायचं असतं, तर त्याने आधी मोजडी काढली असती आणि मग मिशा, हे कोणी लक्षात घेत नाही.

आता सगळं उलटं झालं आहे. सहारच्या टी-टूवर बिझनेस क्लासच्या काउंटरपाशी अर्धा तास उभे राहा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग, चेहरा वैतागलेला: तिकीट कंपनीचं. अर्धी चड्डी, विटलेला टी-शर्ट, पायात रबरी सपाता आणि चेहऱ्यावर काहीच नाही: तिकीट स्वतःच्या पैशांचं, आणि असे पैसे बरेच. नवं कोरं जाकीट, त्यावर घडीच्या रेषा अजून शाबूत, खिशाबाहेर डोकावणारा बोर्डिंग पास: तिकीट मुलाचं. कपड्यांवरून माणसाची श्रीमंती हल्ली ओळखता येत नाही. पण तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे अजूनही बिनचूक ओळखता येतं.

नानांचं या ज्ञानाने समाधान झालं नाही. त्यांनी तोडगा काढला. विमानात साधे कपडे घालायचे, कोट हातबॅगेत ठेवायचा आणि उतरायच्या आधी चढवायचा. सुनेच्या माहेरचे लोक न्यायला येणार होते ना! आता ही युक्ती एका मोठ्या माणसाने करून पाहिलेली आहे. सप्टेंबर 1888 मध्ये मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींनी बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास उतरण्यासाठी राखून ठेवला. महिनाअखेरीस किनाऱ्यावर पाऊल ठेवलं, तर पांढऱ्या कपड्यांतला अख्ख्या बंदरात हा एकटाच. बदलावे म्हटलं तर सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. आत्मकथेत त्यांनी हे सगळं प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. पुढे पंचाच बरा हा निर्णय त्यांनी फार वेगळ्या कारणांसाठी घेतला, पण या रविवारचा त्यात काडीइतकाही हात नसेल असं मला वाटत नाही.

नानांच्या पत्नी माईंचा प्रश्न त्याहून बिकट. साडी की ड्रेस? सून म्हणाली, “आई, सरळ लेगिंग आणि कुर्ता घाला.” तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी मोबाइलवर शोधून काढलं की मार्च 2017 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला युनायटेडच्या माणसांनी लेगिंग घातलेल्या दोन मुलींना विमानात चढू दिलं नव्हतं. माईंचा धीर खचला. त्या मुली कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या पासवर प्रवास करत होत्या आणि अशा पासवाल्यांना कपड्यांचे वेगळे नियम असतात, हा बातमीचा दुसरा परिच्छेद. तो आपल्याकडे कोणी वाचत नाही. पैसे भरलेल्याला विमान कंपन्या सहसा एवढंच सांगतात की अंगावर कपडे असावेत, पायात काहीतरी असावं आणि छातीवर शिव्या छापलेल्या नसाव्यात.

मी माईंना दुर्गाडीच्या पुलापलीकडचा दाखला दिला. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा वेश बदलणार नाही असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं. गेल्याही साडीतच. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि फिलाडेल्फियाचा बर्फ पोटऱ्यांना विचारून पडत नाही. म्हणून तिथे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सुटली नाही, थंडीही भागली. माईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण त्यांची खाट आडवी होत होती का?”

मुद्दा बरोबर होता. सपाट होणाऱ्या सीटवर निऱ्या सांभाळत पट्टा लावून झोपणं हे कसरतीचं काम आहे. खरं सांगायचं तर लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लाससाठी योग्य पोशाख आपल्या बायकांनी केव्हाच शोधून काढला आहे. सुती गाऊन आणि वरून ओढणी. याच वेशात त्या दूध आणतात, भाजीवाल्याशी भांडतात, सोसायटीच्या मीटिंगला बसतात आणि दुपारी पडतातही. सैल, सुती, घडी न मोडणारा, खिसा असलेला. त्याला एखाद्या फ्रेंच माणसाने नाव दिलं असतं, तर लाउंजमध्ये सगळ्याच जणी तो घालून फिरल्या असत्या. माईंना मी हे सुचवलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ चहा मिळणार नाही असा होता.

पादत्राणांवर तर स्वतंत्र बैठक झाली. एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेचं पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला उडालं, तेव्हा हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई प्रवास घडावा असा हेतू सांगितला गेला होता. हेतू चांगलाच. पण चप्पल विमानात चढली तरी लाउंजच्या दारात अडकते. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टास कंपनीच्या लाउंजमध्ये रबरी चपलेला मज्जाव आहे. आपल्याकडे लाउंज एवढे सोवळे नाहीत. कार्डावरून दोन रुपये कापले की आत प्रवेश, त्यामुळे इडलीच्या भांड्यापाशी सगळ्या प्रकारची पादत्राणं गुण्यागोविंदाने रांगेत असतात. नानांचा जीव मात्र त्यांच्या करकरणाऱ्या कोल्हापुरीवर. “2025 साली जूनमध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये पायांत हेच होतं,” नाना म्हणाले, “आणि आधी तर कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नव्हतं त्यांनी. 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे म्हटलं त्याला! चप्पल बिझनेस क्लासने गेली आणि कारागीर राहिला इथेच.” यावर टपरीवर कोणाकडेच उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडे होतं. बसून बसून पाय सुजतात, म्हणून बंद, थोडे सैल बूट, आणि पोटरी घट्ट धरणारे मोजे. कोल्हापुरी बॅगेत गेली.

विमानातल्या थंड, कोरड्या हवेबद्दल कोणी बोलतच नव्हतं, आणि सगळी मेख तिथे आहे. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे बिझनेस क्लासमध्ये बसलेला माणूस महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकापेक्षाही वर बसून सूप पीत असतो. हवेत ओलावा दहा-वीस टक्के. ज्या भिवंडीत जुलैमध्ये भिंतीसुद्धा घामेजतात, तिथल्या माणसाचे ओठ विमानात तासाभरात फुटतात. माई लगेच म्हणाल्या, “मग पापड छान वाळतील की!” वाळतील. पण मुद्दा असा की टाय, कोट, कडक कॉलर यांतलं काहीही कळसूबाईवर रात्र काढायला कामाचं नाही. लागतात अंगावर चढवता-उतरवता येणारे दोन-तीन थर: बनियन, सुती सदरा, स्वेटर. कानटोपी नेलीत तरी मी हसणार नाही.

आणि सुतीच का, हे भिवंडीला सांगायला नको. दुर्घटनेच्या प्रसंगी कृत्रिम धाग्याचे कपडे आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटतात, म्हणून सुरक्षेचे जाणकार सुती किंवा लोकरी कपडे घाला म्हणतात. आमच्याकडे ही चाचणी काडेपेटीवर होते. ताग्यातून एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत. वितळून टोकाला कडक गोळी झाली म्हणजे पॉलिएस्टर. नानांच्या लग्नातल्या कोटाचा असा एक धागा शेठनी टपरीवर पेटवला. गोळी झाली. नाना चाळीस वर्षं तो वुलनचा म्हणून सांगत आले होते. ज्या दुकानातून घेतला ते दुकान आता नाही, मालकही नाहीत, त्यामुळे विषय तिथेच संपला.

शेजारचे हाजीसाहेब एवढा वेळ गप्प होते. कोकणी मुसलमान, बोलणं आमच्यासारखंच, पण कमी. ते म्हणाले, “नाना, मी गेलो तेव्हा अंगावर दोन चादरी. न शिवलेल्या. माझ्या पुढच्याच रांगेत एक बिल्डर. त्याच्याही अंगावर दोन चादरी.” इहराम म्हणजे पुरुषांसाठी शिलाई नसलेले दोन पांढरे कपडे. मक्केच्या वाटेवर ठरावीक हद्दीआधी ते नेसावे लागतात, म्हणून कोणी घरून नेसून निघतं, तर कोणी विमानात बदलतं. हजच्या दिवसांत जेद्दाहच्या विमानात पडद्याच्या पुढे आणि पडद्याच्या मागे पोशाख तोच असतो. माझ्या पाहण्यात कपड्यांच्या बाबतीत अजिबात गोंधळलेले नाहीत असे विमानप्रवासी एवढेच. टेलर मात्र जरा हिरमुसला. शिलाईच नाही म्हटल्यावर त्याचं काय?

शेवटी नाना कोट घालूनच निघाले. रात्रीचं विमान, दुपारी चारला प्रस्थान. खाली उतरेपर्यंत कोट काळा होता. या भागात हवेत सुताचे तंतू तरंगतात आणि काळ्या कपड्यावर नेमके येऊन बसतात. पुढे रस्ता. मेट्रो-5 चं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. तिचा पहिला टप्पा कापूरबावडीहून निघून आमच्या धामणकर नाक्यावर संपतो, आणि या कामाने आम्हाला जी धूळ दिली ती कोणत्याही वर्गाच्या प्रवाशात भेदभाव करत नाही. अंजुरफाट्यापर्यंत कोट करडा, कशेळीच्या पुलावर खाकी, बाळकुमला नाना बनियनवर. सिक्युरिटीच्या रांगेत पट्टा, बूट आणि तो कोट सगळंच ट्रेमध्ये गेलं. म्हणजे ज्याच्यासाठी महिनाभर खल झाला, तो पोशाख सहारला सर्वांत जवळून पाहिला तो एक्स-रे मशीनने.

आत गेल्यावर मात्र खरी गंमत झाली. काही कंपन्या महागड्या वर्गात रात्रीचे कपडे भेट देतात. एमिरेट्स फर्स्ट क्लासला देते, क्वान्टास लांबच्या उड्डाणांत बिझनेसलाही. नानांच्या कंपनीनेही दिले. हसतमुख मुलीने पिशवी हातात ठेवली, नानांनी उघडली, तर आत लेंगा आणि सदरा. नाडीचा लेंगा! जो घालून गॅलरीत उभं राहू नका म्हणून माई तीस वर्षं ओरडत आल्या, जो घालून नाक्यावर दूध आणायला गेल्याबद्दल सुनेने एकदा अबोला धरला होता, तोच. तिप्पट-चौपट भाडं भरल्यावर विमान कंपनीने अदबीने पुढे केलेला. आजूबाजूचे कंपनीवाले, बिल्डर, स्टार्टअपवाले एकेक करून आत गेले आणि लेंग्यात बाहेर आले. सगळा बिझनेस क्लास धामणकर नाक्यावरच्या रविवार सकाळसारखा दिसू लागला. नानांची सगळी खळ त्या क्षणी धुऊन निघाली आणि ते सहा तास गाढ झोपले.

नाना सहा महिन्यांनी परतले. आता तोच लेंगा-सदरा घालून ते दूध आणायला जातात आणि माईंची बोलायची सोय उरलेली नाही, कारण त्यावर विमान कंपनीचं चिन्ह आहे. शेठनी कापड बोटांत धरून चोळलं आणि निकाल दिला, “पीसी आहे, नाना. पॉलिएस्टर-कॉटन. आपल्याकडचंच वाटतंय.”

नोव्हेंबर 2024 पासून इंडिगोनेही दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला आहे, तेव्हा हे संकट आता तुमच्याही दारात येणार. दोन तासांच्या विमानाला जे ऑफिसात घालता ते पुरे. रात्रभराच्या विमानाला सैल, सुती, थरांचं घाला. नवी घडी मोडायचीच हौस असेल तर ती निघताना धामणकर नाक्यावर मोडा. तुम्हाला ओळखणारे आणि बघणारे लोक तिथेच आहेत, पडद्यापुढच्या बारा सीटांवर कोणी मान वर करत नाही. बाकी काही नेलं नाहीत तरी मोज्यांचा जादा जोड न्या आणि स्वच्छतागृहात बूट घालूनच जा. तिथली जमीन ओली असते, आणि ते पाणीच आहे याची हमी फर्स्ट क्लासमध्येही कोणी देत नाही.